साथीला बसलेला ऑर्केस्ट्रा : मिडनाइट सिंडिकेटचा डी अँड डी अल्बम, मानपाड्याच्या हॉलमधून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू संगीतातलं कळणाऱ्या माणसाचा नाहीये. दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ठाण्यात मानपाड्याला आमच्या हॉलमधे पाच जणांना बसवून चार-साडेचार तास गोष्ट सांगणाऱ्या बाईचा आहे. म्हणजे मी डीएम, डंजन मास्टर. ज्यांना हे काय असतं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा १९७४ सालचा गेम, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला, एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि अवघड काही करायचं म्हटलं की जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. आमच्याकडे फासे आईच्या परातीत टाकतात, खाली जुना टॉवेल अंथरून, कारण टॉवेल नसेल तर खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून वर येतात.

आमची मंडळी, प्रत्येकाच्या गेममधल्या पात्राच्या प्रकारानेच सांगते, म्हणजे ऐरोलीचा बार्बेरियन, कळव्याची क्लेरिक, डोंबिवलीहून ट्रेनने लटकत येणारा रॉग, आमच्याच बिल्डिंगमधला विझर्ड आणि एक बार्ड जी दर वेळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे पाऊण तास उशिरा पोचते आणि दर वेळी "मी कासारवडवलीलाच आहे, आलेच" असा मेसेज टाकते. नावं नाही घेत, त्यांना त्याच नावांनी हाका मारायची सवय झालीये.

तर म्युझिक. दोन वर्षं मी या एका गोष्टीच्या मागे आहे आणि त्यात जेवढे तास घातलेत तेवढ्यात एखादी डिग्री झाली असती. सगळ्यात पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात, लॉर्ड ऑफ द रिंग्जचं म्युझिक लावलं. हॉवर्ड शोरचं काम, त्यात प्रत्येक जमातीची, प्रत्येक प्रदेशाची धून वेगळी बांधलीये, ऑस्कर मिळालंय, त्याबद्दल मी काय बोलणार. पण टेबलवर काय झालं, की मी म्हणतेय "तुम्ही घाटमाथ्यावर पोचता, समोर दरी आहे, खाली गावात एकही दिवा नाही", आणि ती प्रसिद्ध धून सुरू झाल्याबरोबर विझर्ड म्हणाला, "अरे हे तर त्या नऊ जणांच्या डोंगरातल्या सीनचं", मग पुढची वीस मिनिटं एक्स्टेंडेड एडिशन चांगली की थिएटरवाली यावर वाद, दरी राहिली बाजूला. म्हणजे म्युझिक इतकं चांगलं होतं की त्याने माझ्या टेबलवर त्याचाच पिक्चर चालू केला.

मग ट्रेलर म्युझिक. टू स्टेप्स फ्रॉम हेल वगैरे, तुम्हाला माहीतच असेल, थॉमस बर्गरसन आणि निक फिनिक्स यांनी २००६ मधे सुरू केलेलं, पिक्चरच्या ट्रेलरसाठी बनवलेलं जबरदस्त ऑर्केस्ट्रल म्युझिक. जिममधे माझी अजून तीच प्लेलिस्ट असते, खोटं कशाला बोलू. पण ट्रेलर असतो अडीच मिनिटांचा, त्यामुळे ते म्युझिक सतत वर चढत असतं, ढोल वाढतायत, कोरस वाढतोय, आता फुटेल मग फुटेल, आणि आमचा बार्बेरियन तेवढ्या वेळात काय करतोय तर सरायवाल्याशी कोंबडीच्या भावावरून घासाघीस. कोंबडीसाठी एवढे टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्रातले ते मोठे ढोल, नाही लागत हो.

या काळात एक फजिती पण झाली ती सांगूनच टाकते. एका म्युझिक अ‍ॅपचं फुकटवालं व्हर्जन वापरत होते. दोन महिने जिवापाड सांभाळलेला म्हातारा गुरव मरतोय, क्लेरिकच्या मांडीवर डोकं आहे, तिच्या डोळ्यात खरंच पाणी आलंय, मागे व्हायोलिन, आणि धाडकन एका बाईचा आनंदी आवाज, "आपल्या स्वप्नातलं टू बीएचके आता घोडबंदर रोडवर!" गुरव तसाच मेला. आजही कोणी कॅरेक्टर मरायला टेकलं की रॉग हळूच विचारतो, "कार्पेट एरिया किती?" तेव्हापासून एक नियम, जे काही लावायचं ते जाहिरातीशिवाय लावायचं, पैसे भरून नाहीतर विकत घेऊन.

आता मूळ मुद्दा. मिडनाइट सिंडिकेट हा अमेरिकेतल्या ओहायोचा ग्रुप, एडवर्ड डग्लस आणि गॅव्हिन गोझ्का, हॅलोविनला तिकडे भूतबंगले उभारतात लोकं, त्यात वाजवायला भीतीदायक म्युझिक करण्यासाठी हे प्रसिद्ध. डी अँड डी ज्यांच्या मालकीचा आहे त्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने त्यांच्याकडून गेमसाठी ऑफिशियल अल्बम करून घेतला, तो आला २००३ मधे, त्याच वर्षी गेमच्या रूलबुकची साडेतीन नंबरची एडिशन आली होती. अल्बमचं नाव पण डंजन्स अँड ड्रॅगन्सच. म्हणजे आमची क्लेरिक तेव्हा बालवाडीत होती. एवढं जुनं काहीतरी काय लावायचं असं मलाही वाटलं होतं, शोधत शोधत शेवटाला तिथे पोचले, आणि आता गेले आठ-नऊ सेशन तेच चालू आहे.

पहिली गोष्ट, हा अल्बम कोणाचाच नाही. म्हणजे आमच्या टेबलवर कोणालाच त्याची आठवण नाही. हे वाक्य विचित्र वाटेल पण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मधे मला उमाळा आला होता की आपली कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी ही लांबलचक गोष्ट, मराठी आहे तर म्युझिकही मराठी पाहिजे. माझं जग आहे सह्याद्रीसारखं, गॉब्लिनच्या जागी झोटिंग, वेताळाची पालखी, पाण्यात गिऱ्हा, लेणी, घळी, खिंडी. तर एका लढाईला मी संबळ आणि हलगीचं रेकॉर्डिंग लावलं. काय सांगू, इनिशिएटिव्ह रोल, म्हणजे लढाईत पहिली पाळी कोणाची ते ठरवणारे फासे, व्हायच्या आधी बार्बेरियन उठून नाचायला लागला. त्याच्या डोक्यात झोटिंग नव्हताच, त्याच्या डोक्यात मामेभावाची हळद होती. संबळ वाईट नाही, संबळ आपल्यात इतका मुरलाय की तो वाजला की आपलं घर आठवतं, आपली जत्रा आठवते. उलट हे परदेशी चेलो आणि हॉर्न आपल्याला कशाचीच आठवण देत नाहीत, कोऱ्या पाटीसारखे. त्यामुळे मी जे सांगेन ते त्यावर उमटतं. गिऱ्ह्याच्या सीनला ओहायोत बनवलेलं म्युझिक चपखल बसलं आणि संबळ नाही बसला, हे मला स्वतःला पचायला दोन आठवडे लागले.

अपवाद आहे एक. राजवाडा, दरबार, स्वारी वगैरे आली की अल्बममधले ते वीरश्रीवाले हॉर्न चालत नाहीत, ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर दगडी किल्ला, निळे झेंडे, एकदम युरोप. तिथे मी गपचूप सनई-चौघडा लावते, तो मात्र चालतो, बहुतेक दरबार आणि लग्नाचा हॉल यात आपल्या मनात फार फरक नसावा.

दुसरी गोष्ट बाबांमुळे कळली. बाबा पाचपाखाडीच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतात, आमच्या खेळाबद्दल त्यांचं मत विशेष चांगलं नाही, शनिवारी ते आतल्या खोलीत पेपर घेऊन बसतात. आईचं मत तर त्याहून स्पष्ट, "काय ते स्मशानातलं लावलंयस तिन्हीसांजेला." पण एकदा आमचं लेण्यात शिरायचं चालू होतं, मी रुइन्स ऑफ बोन हिल हा ट्रॅक लूपवर लावला होता, आणि पाणी प्यायला आलेले बाबा दारातच थांबले. ब्रेक झाल्यावर म्हणाले, "हा साथीला बसलाय." मी म्हटलं, "म्हणजे काय बाबा?" तर म्हणाले, "गाणारा गात असताना पेटीवाल्याने खाली राहायचं असतं गं, त्याने श्वास घेतला की तेवढी जागा भरायची आणि परत खाली. तू मागच्या महिन्यात जे लावत होतीस ना, ते सगळे स्वतःच गायला बसले होते."

बस, दोन वर्षं मला जे नीट मांडता येत नव्हतं ते बाबांनी पाण्याच्या पेल्यासकट सांगून टाकलं. गोष्ट सांगणारी मी, गाणारी मी, आणि ऑर्केस्ट्राने साथीला बसायचं. या अल्बममधे बऱ्याच ठिकाणी एखादा खालचा सूर नुसता धरून ठेवलेला असतो, तंबोऱ्यासारखा, वर एखादी छोटी धून येते नि जाते, मधे कुठेतरी लांबून कोरस, आणि त्या सगळ्यात माणसाच्या आवाजाला बसायला जागा असते. मराठीत वर्णन करताना तर अजून छान बसतं, कारण मी मुद्दाम सावकाश बोलते, "पायाखाली काहीतरी मऊ लागतं…", तो पॉज भरून निघतो.

भूतबंगल्याचा अनुभव इथे कामी आला असणार असं मला वाटतं. भूतबंगल्यात माणूस चालत असतो, कोणी एका खोलीत दहा सेकंद थांबतो कोणी दोन मिनिटं, म्युझिकला माहीत नसतं तो कधी वळणार, त्यामुळे ते कधीही तुटलं तरी चालेल असं बांधावं लागतं. आमच्या टेबलचं तेच आहे. पिक्चरच्या संगीतकाराला सेकंदाचा हिशोब माहीत असतो, मला नाही, कारण रॉग कुलपाशी पाच मिनिटं घालवेल की पंचावन्न ते रॉगच्या आईला पण माहीत नाही.

ट्रॅकच्या नावांत जुन्या खेळाडूंसाठी खाणाखुणा पण आहेत. बोन हिल हे १९८१ च्या एका अ‍ॅडव्हेंचरमधलं, म्हणजे गेमसाठी छापलेल्या तयार गोष्टीतलं ठिकाण, सिटी ऑफ सेल्स म्हणजे फरगॉटन रेल्म्स या डी अँड डीच्या काल्पनिक जगातलं लुस्कन नावाचं बंदर. आम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही, मी सिटी ऑफ सेल्स वापरते माझ्या खाडीकाठच्या गावाला जिथे मिठागरं आहेत आणि सगळे एकमेकांचे देणेकरी आहेत. चाललं. लढाईला स्कर्मिश, तो सुरू झाला की आता बार्बेरियन आपोआप परातीकडे हात नेतो, पाव्हलॉवच्या कुत्र्यासारखं, हे त्याला सांगू नका.

आता जे आवडलं नाही ते. एक, ट्रॅक छोटे छोटे आहेत. आमची एक लढाई दीड तास चालते, त्यात तोच ट्रॅक किती वेळा फिरतो मोजलं नाही पण क्लेरिक म्हणाली तिला घरी भांडी घासताना ते ऐकू येतं. लूपचा सांधा पण कळतो, ट्रॅक संपला, एक क्षण शांतता, परत सुरू. यावर उपाय, तीन-चार सारख्या मूडचे ट्रॅक एका प्लेलिस्टमधे टाका आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना दुसरा वर येतो ती सोय) चालू करा, स्पॉटिफायमधे तो बारा सेकंदांपर्यंत वाढवता येतो, मी आठवर ठेवते, सांधा जवळपास गायब.

दोन, हा खरा साठ-सत्तर माणसांचा ऑर्केस्ट्रा नव्हे, बरंचसं काम सिंथेसायझरवर उभं केलेलं आहे, आणि ते २००३ चं आहे. चांगल्या हेडफोनवर ट्रेनमधे ऐकलंत तर कळतं, ब्रास तर लगेच कळतो. आमच्या बार्डला हे खटकतं, ती म्हणते अजय-अतुलने २०१६ च्या सैराटचं म्युझिक हॉलीवूडला जाऊन खऱ्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून रेकॉर्ड करून आणलं, त्या स्ट्रिंग्ज ऐक आणि मग हे ऐक. बरोबर आहे तिचं. पण मी तिला म्हटलं, ते स्ट्रिंग्ज मी टेबलवर लावले तर तू खेळशील का? गप्प बसली. म्हणजे गप्प नाही बसली, गुणगुणायला लागली, म्हणजे माझाच मुद्दा. शिवाय हॉलमधे, पंखा फुल, परातीत फासे, वेफर्सचा कुरकुराट, हळू आवाजात स्पीकर, यात सिंथ आहे की व्हायोलिन ते ओळखणारा माणूस आमच्यात तरी नाही.

तीन, सगळा अल्बम गंभीर आहे. अंधार, सावध पावलं, युद्ध, भव्यता. आणि आमचा गेम म्हणजे निम्मा वेळ फालतूपणा. मागे रॉगने वेताळाला मामलेदारची मिसळ या विषयावर पाच मिनिटं गुंतवून ठेवलं, तिखट झेपेल का वगैरे, परसुएजनवर, म्हणजे मन वळवायच्या फाशावर, नॅचरल वीस, थेट सगळ्यात मोठा आकडा पडला, वेताळ भुकेने व्याकूळ. तेव्हा मागे जे काही चालू होतं ते इतकं भयाण होतं की त्यामुळेच अजून हसू येत होतं, तो भाग वेगळा. पण बाजार, सराय, प्रवास, टाइमपास यासाठी इथे फार काही मिळेल अशी आशा ठेवू नका.

त्या जागा मी टेबलटॉप ऑडिओवरून भरते. ती साइट फुकट आहे, दहा-दहा मिनिटांचे तुकडे असतात, बाजार, जहाज, जंगल, गुहा, त्यात म्युझिक कमी आणि वातावरण जास्त, आणि दहा मिनिटं असल्यामुळे लूप बोचत नाही. देणगी द्यावीशी वाटली तर देता येते, मी देते अधूनमधून. सिरिनस्केप नावाचं पण आहे, त्यात प्रत्येक आवाजाचं वेगळं बटण, पाऊस वाढवा, घोडे कमी करा, तलवार वाजवा, फार ताकदीची गोष्ट आहे, पण मला दोनच हात आहेत, एक नोट्सवर आणि एक विझर्डच्या स्पेलची जागा मोजायला. ज्यांच्याकडे म्युझिक सांभाळायला वेगळा माणूस आहे त्यांनी जरूर बघा. आणि पावसाचा इफेक्ट कोणी विकत घेऊ नका, जुलैमधे आमच्या हॉलची खिडकी एक वीत उघडली की येऊरवरून येणारा जो काही आहे तो डॉल्बीत आहे.

आवाजाबद्दल एक फुकटचा सल्ला, हा मला उशिरा कळला. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं, स, ट, क वगैरे, साधारण दोन किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात कळतात, आणि झांजा, ट्रम्पेट, वरचे व्हायोलिन हे सगळे तिथेच गर्दी करतात. म्हणून आवाज कमी करूनही लोकं "काय? परत सांग" म्हणत राहतात. इक्वलायझरमधे वरचा भाग थोडा खाली ओढायचा, खालचा तसाच ठेवायचा. आणि स्पीकर टेबलवर ठेवायचा नाही. मी तो शोकेसवर, तोंड भिंतीकडे करून ठेवते, आवाज भिंतीवर आपटून पसरतो, कुठून येतोय ते कळत नाही. पहिल्यांदा असं केलं तेव्हा क्लेरिकने मान वळवून मागे बघितलं होतं, तो माझ्या डीएम आयुष्यातला फार मोठा क्षण.

त्याहून मोठा क्षण म्हणजे मागच्या सेशनला. खाडी उतरतायत, ओहोटी आहे, गुडघाभर चिखल, गिऱ्हा कुठेतरी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. चाळीस मिनिटं तोच खालचा सूर चालू आहे, इतका वेळ की आता कोणाला ऐकूही येत नाहीये. विझर्ड म्हणतो, मी मशाल वर धरतो. आणि मी काही न बोलता फोनवर पॉज दाबला. नुसतं तेवढंच. पंख्याचा आवाज ऐकू आला एकदम. बार्बेरियन, जो दर दहा मिनिटांनी आयपीएलचा स्कोअर बघतो, त्याने फोन उलटा ठेवला टेबलवर. कोणीतरी हळू म्हणालं, "बंद का झालं?" मी तरीही गप्प. आतून आईने पण विचारलं, "काय गं, लाइट गेले का?" तेवढ्यात रॉगने खुर्चीवर पाय वर घेतले. हे म्युझिक विकत घेताना कोणी सांगत नाही की त्याचा सगळ्यात भारी उपयोग ते बंद करण्यात आहे, पण बंद करण्यासाठी आधी ते विसरलं जाण्याइतकं शहाणं असावं लागतं, आणि ट्रेलर म्युझिक बंद केलं तर लोकं सुटलो म्हणतात.

कोणी घ्यावा? तुमची कॅम्पेन अंधारी असेल, भुयारं, भुतं, जुनी देवळं, आणि तुमच्या टेबलवर खेळाडू नवे असतील, तर डोळे झाकून. तुम्ही नुसतं ऐकायला म्हणून ऑर्केस्ट्रल फॅन्टसी शोधत असाल, कारमधे, रात्री अभ्यास करताना, तर यापेक्षा खूप भरजरी गोष्टी आहेत, हा तुम्हाला पातळ वाटेल. विनोदी वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारी गोष्ट, खेळणाऱ्यांनी सोडून द्या. माझ्याकडून पाचपैकी चार, अर्धा लूपमुळे कापला आणि अर्धा त्या युरोपियन दरबारामुळे, जरी तो त्यांचा दोष नाही, त्यांचा दरबार तसाच असतो.

या शनिवारी गिऱ्ह्याचा दुसरा भाग आहे. रॉग म्हणतोय स्पीकर तो घेऊन येतो, जास्त बेस आहे. मी नको म्हटलंय, त्याचा स्पीकर दहीहंडीचा आहे.